आत्मचरित्राविरुद्ध फिर्याद

दुसऱ्याच्या आत्मचरित्राविरुद्ध कोर्टात जाणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यात आपले नाव आले म्हणून कोणी रागावतो, आणि आले नाही म्हणून रागावणारेही असतात. पण आपल्या स्वतःच्याच आत्मचरित्राविरुद्ध दावा लावणारी व्यक्ती मला तरी एकच ठाऊक आहे. आंद्रे ब्लुअँ हे तिचे नाव. १९६० साली बेल्जियन काँगो स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांच्या सरकारात राजशिष्टाचार प्रमुख म्हणून काम करणारी ही बाई त्या वेळी अडतीस वर्षांची होती. पुढे तिने आपले आयुष्य जीन मॅकेलर नावाच्या अमेरिकन लेखिकेला सांगितले, मॅकेलरबाईंनी ते इंग्रजीत उतरवले, आणि पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा ब्लुअँबाईंनी ते थांबवण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले.

पुस्तक थांबले नाही. १९८३ साली न्यूयॉर्कच्या प्रेगर प्रकाशनाने ते काढले. नाव 'माझा देश, आफ्रिका' आणि उपशीर्षक 'काळ्या पासिओनारियाचे आत्मचरित्र'. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८६ च्या एप्रिलमध्ये, बाई पॅरिसमध्ये वारल्या. पुस्तकही हळूहळू दिसेनासे झाले. २०२५ साली व्हर्सो या प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा काढले आणि आता ते आपल्याकडच्या वाचकालाही मागवून घेता येते. नव्या आवृत्तीत त्यांच्या मुलीने, इव्हने, शेवटी आपला मजकूर जोडला आहे.

मी हे पुस्तक दोनदा वाचले. पहिल्या वाचनाच्या वेळी खटल्याची हकीकत मला माहीत नव्हती. त्यामुळे मी एका दमात वाचून काढले, दोन ठिकाणी चष्मा पुसला, आणि घरात सगळ्यांना त्यातल्या गोष्टी सांगत सुटलो. दुसऱ्यांदा वाचले ते हकीकत कळल्यावर. तेव्हा मात्र पानापानावर एकच शंका पाठ सोडीना. हे जे 'मी' 'मी' म्हणून बोलते आहे, ते कोण आहे? ज्या बाईचे हे आयुष्य तिनेच हे नको म्हटले असेल, तर आपण ते कोणत्या नात्याने वाचतो आहोत? हा प्रश्न सोडवल्यावाचून या पुस्तकाविषयी बोलता येणार नाही असे मला वाटते. अर्थात आधी गोष्ट सांगितली पाहिजे.

फ्रेंचांच्या ताब्यातल्या उबांगी-शारी या मुलखात (आज त्याला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक म्हणतात) बेसू नावाच्या खेड्यात १६ डिसेंबर १९२१ रोजी आंद्रेचा जन्म झाला. बाप फ्रेंच, चाळिशीतला, व्यापारधंद्यासाठी तिकडे गेलेला. आई जोसेफिन बांझिरी जमातीतली, चौदा वर्षांच्या आसपासची. या दोन वयांवर लेखिकेने वेगळे भाष्य करायची गरज नाही, वाचकाचे मन तेथे आपोआप थबकते. बापाने लवकरच एका गोऱ्या बाईशी रीतसर लग्न केले, आणि तीन वर्षांच्या पोरीला ब्राझाविलच्या अनाथाश्रमात नेऊन सोडले. क्लूनीच्या सेंट जोसेफ संघाच्या जोगिणी तो आश्रम चालवीत. गोऱ्या बापांच्या आणि काळ्या आयांच्या मुलींसाठीच तो होता.

अनाथाश्रम हा शब्द येथे कसा वापरला आहे ते पाहावे. मुलीची आई जिवंत आहे, बाप जिवंत आहे, तरी ती अनाथ. आईबाप नसणे ही एरवी देवाची करणी मानतात. येथे ती एका राज्यव्यवस्थेने कागदावर घडवून आणली होती. अशा मुलींनी आईच्या घरात वाढू नये, बापाच्या घरात तर दिसूच नये, म्हणून ही तिसरी जागा काढलेली. उपासमार, मार, देवाच्या नावाने दिलेले दम, आणि तुम्ही पापातून जन्मल्या आहात हे रोज ऐकवणे, अशी चौदा वर्षे तेथे गेली. पंधराव्या वर्षी जोगिणींनी तिचे लग्न लावून टाकायचा घाट घातला, तो तिने मोडून काढला. सतराव्या वर्षी आणखी दोघींना बरोबर घेऊन ती भिंत ओलांडून पळाली. मग ब्राझाविलमध्ये शिवणकाम करून पोट भरू लागली.

आश्रमाची ही प्रकरणे पुस्तकात फार चांगली उतरली आहेत. त्यांत रडारड कमी आणि बारीक तपशील पुष्कळ आहे, आणि लहान मुलीचा राग लहान मुलीचाच राहिला आहे. मोठेपणीच्या बाईने त्याला नंतर व्याख्यानाचे कपडे घातलेले नाहीत. आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्ष्मीबाई टिळकांच्या सासऱ्यांचा धाक जसा हसतहसत अंगावर येतो, तसे हसू मात्र येथे नाही. ते असावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाईंना माहेर होते, नाती होती, आणि ज्या भाषेत त्या भांडल्या त्याच भाषेत लिहायला मिळाले. ब्लुअँबाईंची कथा आईच्या भाषेत नाही, ज्या फ्रेंचमध्ये त्या वाढल्या तिच्यातही नाही. ती इंग्रजीत आहे, आणि तेही दुसरीच्या इंग्रजीत. हे अंतर प्रत्येक वाक्यात थोडेथोडे उरतेच.

पुढचा भाग मी भरभर सांगतो, कारण पुस्तकात तो रेंगाळला आहे. एका बेल्जियन कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर तिने काही काळ काढला. त्याच्यापासून एक मुलगी झाली. मग एक फ्रेंच माणूस, त्याच्यापासून मुलगा. पुढे १९५२ साली आंद्रे ब्लुअँ या फ्रेंच खाण-अभियंत्याशी लग्न. नवराबायकोचे नाव एकच, हा फ्रेंच भाषेतला गमतीचा योगायोग. काळ्या आईची आणि गोऱ्या बापाची ही मुलगी गोऱ्या पुरुषांकडेच का वळत राहिली, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. बाई तो टाळत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण या प्रश्नाभोवती पुस्तक जितके घोटाळते तितके घोटाळणे त्यांच्या मनातले होते की ऐकून घेणाऱ्या बाईंच्या मनातले होते, अशी शंका मला येथे पहिल्यांदा आली.

मग १९४६ साल येते. मुलगा रने दोन वर्षांचा. बांगीच्या इस्पितळात त्याला हिवतापाने गाठले. हिवतापाला कोयनेल हवे. आपल्या आजीआजोबांच्या पिढीतल्या सगळ्यांना ती कडू गोळी ठाऊक होती. पोस्टातही ती मिळे, हे जुनी माणसे अजून सांगतात. बांगीतही कोयनेल होते, पण ते युरोपीय लोकांसाठी राखून ठेवलेले होते. या पोराचा बाप गोरा, आजोबा गोरा. चार वाट्यांपैकी तीन वाटे गोरे. एक वाटा आजीचा, आणि त्या एका वाट्यासाठी औषध नाकारण्यात आले. पोर गेले.

हे सांगताना पुस्तकाचा आवाज एकदम बदलतो. वाक्ये लहान होतात. या मृत्यूनेच आपल्याला राजकारणात ओढले असे बाई स्पष्ट म्हणतात. वसाहतवाद म्हणजे आपले एकटीचे वाईट नशीब नव्हे, ती सगळ्या खंडावर पसरलेली एक व्यवस्था आहे, हे त्यांना तेथे कळले. आता कोणी टीकाकार म्हणेल की हे फार सोपे झाले, पुत्रशोकातून राजकारण हा नाटकातला ठरीव प्रवेश आहे. मला ते पटत नाही. नाटकातली आई दैवाला बोल लावते किंवा खलपुरुषाला शाप देते. येथे खलपुरुषच नाही. औषध नाकारणाऱ्याच्या हातात एक नियम होता आणि तो तो पाळत होता. त्याच्यावर रागावून काय करणार? ज्याने नियम केला त्याला गाठायचे तर पॅरिसपर्यंत जावे लागेल. व्यक्तिगत दुःख आणि राजकारण या दोन खोल्यांमधली भिंत त्या इस्पितळात पडली, ती पुढे त्यांच्यासाठी कधीच उभी राहिली नाही. या एका गोष्टीवरून मी पुढचे सारे पुस्तक तोलतो.

येथून पुढे वाचकाला वाटते की आता राजकारण सुरू होणार. पण पुस्तक काही लवकर तिकडे वळत नाही. निम्म्याहून अधिक मजकूर संपतो तेव्हा आपण गिनीत पोचतो. नवऱ्याची नेमणूक सिगिरीच्या खाणींवर झाली होती. १९५८ साली जनरल द गोल यांनी फ्रेंच आफ्रिकेतल्या सर्व वसाहतींना विचारले, फ्रान्सच्या छत्राखालच्या कुटुंबात राहता की बाहेर पडता? सेकू तुरे यांच्या पक्षाने 'नाही' म्हणायचे ठरवले. ब्लुअँबाई या प्रचारात उतरल्या. २८ सप्टेंबरला मतदान झाले. ९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला, आणि असा नकार देणारा गिनी हा एकटाच देश ठरला. २ ऑक्टोबरला तो स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी इतके चिडले की जाताना हाताला लागेल ते घेऊन गेले.

गिनीची ही पाने वाचनीय आहेत, पण माझी सर्वांत मोठी तक्रारही येथलीच आहे. बाईंच्या डोळ्यांत सेकू तुरे हे मुक्तिदाते आहेत. १९५८ साली ते तसे होतेच. पण पुस्तक १९८३ चे आहे. तोवर त्याच तुरे यांच्या राजवटीत कोनाक्रीच्या बोईरो छावणीत माणसे उपाशी मारली जात होती. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेल्ली, स्वतः गिनीचेच सुपुत्र, १९७७ साली त्याच छावणीत अन्नावाचून गेले. पुस्तकातले तुरे मात्र १९५८ च्या उजेडातच उभे राहतात. ज्या स्त्रीने एका कोयनेलच्या गोळीवरून साम्राज्याचा हिशेब मांडला, तिने ही छावणी का पाहू नये? निष्ठा हा राजकारणातला मोठा गुण आहे. आत्मचरित्रात त्याच गुणाने पाने कोरी राहतात.

१९६० च्या जानेवारीत कोनाक्रीत त्यांची गाठ काँगोच्या दोन पुढाऱ्यांशी पडली. आंत्वान गिझेंगा आणि पिएर मुलेले. काँगोत स्वातंत्र्य दाराशी आले होते. बेल्जियमने पाऊणशे वर्षे तो प्रचंड मुलूख पिळून काढला, आणि देशात पदवीधर म्हणावेत तर वीस-पंचवीससुद्धा निर्माण होऊ दिले नाहीत. गिझेंगांच्या पक्षाला बायकांमध्ये काम करणारी कोणी हवी होती. ब्लुअँबाई तयार झाल्या.

आणि येथे पुस्तक जिवंत होते! 'आफ्रिकी एकजुटीची स्त्री चळवळ' एप्रिल १९६० मध्ये सुरू झाली. क्वांगो आणि क्विलू या भागांत बाई मोटारीने गावोगाव हिंडल्या, चौकात उभ्या राहून बोलल्या, नावे नोंदवून घेतली. मेअखेरपर्यंत सभासद झाले ४५,०००. दोन महिनेही पुरते झाले नव्हते. मागण्या काय होत्या? बायकांना लिहितावाचता आले पाहिजे. आरोग्य आणि स्वच्छता शिकवली पाहिजे. दारू आटोक्यात आणली पाहिजे. टाकून दिलेल्या बायकांना आणि पोरांना आसरा मिळाला पाहिजे. ही यादी वाचून आपल्याकडच्या कोणाही जुन्या कार्यकर्तीला आपलीच वही उघडल्यासारखे वाटेल. 'साम्राज्यवादाचा नाश असो' ही घोषणा व्यासपीठावर होती, पण वहीत दारूडा नवरा होता.

एक गोष्ट पुस्तकात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. मे १९६० च्या त्या निवडणुकीत काँगोतल्या बायकांना मतच नव्हते. मतदान पुरुषांपुरते होते. बायकांना तो हक्क मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. मग ज्यांच्या मताने एकही जागा जिंकता येत नाही अशा ४५,००० बायकांची नावे उन्हातान्हातून फिरून का लिहून घ्यायची? निवडणुकीच्या गणितात हे वेडेपण आहे. गिझेंगांना कदाचित असे वाटत असेल की बायका वळल्या की नवरे वळतात. ब्लुअँबाईंचा हिशेब त्याहून लांबचा असावा. टाकून दिलेल्या मुलांसाठीचे कलम त्या यादीत कोणी घातले असेल, हे आश्रमाची प्रकरणे वाचलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मॅकेलरबाईंच्या लेखणीने हे दोन धागे शेजारी ठेवले असते तर केवढे काम झाले असते! त्या ऐवजी आश्रम राहिला पुस्तकाच्या एका टोकाला आणि यादी दुसऱ्या टोकाला.

बेल्जियन अधिकाऱ्यांना ही बाई डोळ्यांत खुपू लागली. स्वातंत्र्याच्या आधीच त्यांनी तिला देशाबाहेर घालवले. जाताना एक महत्त्वाचा राजकीय कागद तिने आपल्या अंबाड्यात लपवून बाहेर नेला, असे सांगतात. जोगिणींनी ज्या मुलीला शिस्त शिकवण्यात चौदा वर्षे घालवली, तिच्या केसांची झडती घ्यावी असे कोणाच्याही मनात आले नाही.

३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला. बेल्जियमच्या राजाने आपल्या पूर्वजांचे गोडवे गाणारे भाषण केले, आणि लुमुंबांनी त्याच सभेत, ठरलेल्या कार्यक्रमात नसलेले, उत्तर दिले. ब्लुअँबाई परत आल्या आणि राजशिष्टाचार प्रमुख झाल्या. लुमुंबांच्या इतक्या निकट होत्या की वार्ताहर त्या दोघांचे मिळून 'लुमुम-ब्लुअँ' असे एकच नाव लिहीत. सरकार मात्र सुरू होताच कोसळू लागले. पाच दिवसांत फौजेत बंड, अकरा दिवसांत कटांगा प्रांत फुटून निघाला, मग संयुक्त राष्ट्रांच्या फौजा. ५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांनी लुमुंबांना बडतर्फ केले आणि १४ तारखेला कर्नल मोबुटूंनी सत्ता बळकावली. म्हणजे सारा खेळ अडीच महिन्यांचा. लुमुंबांवर लिहिताना बाईंची निष्ठा आंधळी नाही, हे मला आवडले. हा माणूस फार चटकन विश्वास टाकतो, शत्रूलाही क्षमा करून मोकळा होतो, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. तुरे यांच्या बाबतीत जी नजर झाकली गेली, ती येथे उघडी आहे.

आपल्याकडची त्या वर्षांची वृत्तपत्रे कोणी चाळली तर काँगो पहिल्या पानावर सापडेल. संयुक्त राष्ट्रांचे तेथले प्रतिनिधी म्हणून सप्टेंबर १९६० मध्ये राजेश्वर दयाळ गेले होते. पुढे भारतीय फौजही गेली, आणि कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविलला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. असा काँगो आपल्या घरात आला होता. पण त्या बातम्यांत ही बाई कोठे दिसत असेल असे मला वाटत नाही. दिसली असती तरी कशी दिसली असती, हे युरोपातल्या पत्रांवरून कळते. त्यांनी तिला लुमुंबांची रखेली म्हटले, कम्युनिस्टांची हस्तक म्हटले, आफ्रिकी पुढाऱ्यांच्या शयनगृहांतून फिरणारी मायाविनी म्हटले. ४५,००० नावे नोंदवणारी संघटक असे कोणाला म्हणावेसे वाटले नाही. बाई राजकारणात दिसली की तिच्यामागे पुरुष शोधायचा, आणि पुरुष सापडला की बाईचे काम संपले असे समजायचे, ही सवय फक्त युरोपातली नाही.

'पासिओनारिया' हे बिरुदही त्याच टोपलीतले. स्पेनच्या यादवी युद्धात गाजलेल्या दोलोरेस इबारुरी या कम्युनिस्ट पुढारी बाईंचे ते टोपणनाव. ते 'काळी' असे विशेषण लावून वार्ताहरांनी ब्लुअँबाईंना चिकटवले. ज्या नावाने हिणवले तेच नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर! पुस्तक खपवायला ते उपयोगी पडले असेल. पण आत पानोपानी जी बाई सांगते आहे की मला माझ्या नावाने ओळखा, तिला बाहेर दुसरीच्या नावाने हाक मारलेली आहे.

आता मूळ शंकेकडे वळतो. हे पुस्तक कोणाचे? मला वाटते, वाचकाला थोडा कान असेल तर त्यातले दोन आवाज वेगळे करता येतात. एक आवाज नायिकेचा आहे. तिच्या वाट्याला आलेले पुरुष, तिचे सौंदर्य, तिचे अश्रू, आईबापांच्या प्रेमासाठी आसुसलेले तिचे मन यांत तो रमतो. तो आवाज खोटा नाही, पण तो कादंबरीचा आहे, आणि त्याला वाचकाच्या डोळ्यांत पाणी बघायचे आहे. दुसरा आवाज संघटक बाईचा. त्याला माणसांची संख्या सांगायची असते, रस्ता किती खराब होता हे सांगायचे असते, कोण सभेला आला आणि कोण ऐन वेळी फिरला हे सांगायचे असते. पहिला आवाज दोन तृतीयांश पुस्तक व्यापतो. दुसऱ्याला उरलेली जागा मिळते आणि तरी तोच लक्षात राहतो. बाईंनी कोर्टात नेमके काय मांडले त्यात मी शिरत नाही. पुस्तकावरूनच पाहायचे तर माझा तर्क असा, की त्यांना आपण राजकारणी म्हणून वाचले जावे असे वाटत होते, आणि हाती आले ते एका दुखावलेल्या स्त्रीचे चित्र.

या झगड्यात मी ब्लुअँबाईंच्या बाजूचा आहे, पण पुरता नाही. समजा त्यांच्या मनासारखे पुस्तक झाले असते. आश्रम दोन पानांत, रने एका परिच्छेदात, आणि मग तीनशे पाने ठराव, करार, शिष्टमंडळे. अशी राजकीय आत्मचरित्रे आपल्याकडेही शेल्फभर आहेत. भेटीदाखल मिळतात आणि न उघडता धूळ खातात. मॅकेलरबाईंनी खोदूनखोदून विचारले नसते तर कोयनेलची गोळी आपल्यापर्यंत आली असती का? मला शंका आहे. राजकारणी माणूस स्वतःची जखम सहसा सांगत नाही, कारण जखम दिसली की विरोधक तेथेच मारतो हे त्याला अनुभवाने कळलेले असते. ब्लुअँबाईंना तर ते फारच कळले होते. म्हणजे ज्या लेखिकेने त्यांना नायिका बनवून त्यांच्यावर अन्याय केला, तिनेच त्यांच्या राजकारणाचे मूळ आपल्याला दाखवले. तिला ते मूळ आहे हे समजले नाही. ती त्याला शोकान्त प्रसंग समजली आणि पुढच्या प्रकरणाकडे गेली.

शेवट पुस्तकात घाईने उरकला आहे. मोबुटूंच्या राजवटीने बाईंना हद्दपार केले आणि त्यांनी बाहेर तोंड उघडू नये म्हणून घरची माणसे मागे अडकवून ठेवली. १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबांची हत्या झाली. ती बातमी जगाला कळायला १३ फेब्रुवारी उजाडली. त्यानंतर बाई अल्जीरियात राहिल्या आणि मग पॅरिसमध्ये. राजकारण म्हणावे असे त्यांचे आयुष्य १९५८ ते १९६१, जेमतेम तीन वर्षांचे. त्यानंतर पंचवीस वर्षे नुसती आठवण. त्या पंचवीस वर्षांविषयी मला पुष्कळ वाचायला आवडले असते. हरलेल्या पक्षातले माणूस परक्या शहरात सकाळी उठून काय करते, हा मोठ्या लेखकाचा विषय आहे. इव्हने जोडलेल्या मजकुरात त्यातले थोडे हाती लागते, तेवढ्यावर समाधान मानायचे.

२०२४ साली योहान ग्रिमोनप्रे या बेल्जियन दिग्दर्शकाने काँगोच्या त्या दिवसांवर एक दीर्घ माहितीपट काढला. 'एका सत्तापालटाचे पार्श्वसंगीत' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो पोचला. त्यात या पुस्तकातले उतारे मारी दोल्न या काँगोत जन्मलेल्या गायिकेच्या आवाजात ऐकू येतात. मला त्या चित्रपटात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. दिग्दर्शकाने नायिकेचा आवाज जवळजवळ सगळा गाळला आहे आणि संघटक बाईचा ठेवला आहे. ज्या पुस्तकाविरुद्ध बाई कोर्टात गेल्या, त्याच पुस्तकातून, एक शब्दही नवा न घालता, त्यांना हवे होते तसे पुस्तक निघू शकत होते. फक्त कोणी तरी नीट निवड करायला हवी होती.

या पुस्तकाचे मराठी भाषांतर कोणी तरी करावे असे मला मनापासून वाटते. करणाऱ्याला एकदोन विनंत्या आहेत. मुखपृष्ठावरून 'काळी पासिओनारिया' काढून टाकावी, आणि आंद्रे ब्लुअँ एवढेच ठेवावे. गिनीच्या प्रकरणाखाली बोईरो छावणीची माहिती तळटीपेत द्यावी. बाई रागावल्या असत्या, पण द्यावी. आणि बांगीच्या इस्पितळाच्या पानावर 'क्विनाइन' लिहू नये, 'कोयनेल' लिहावे, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते पान वाचून दाखवता येईल.